काटकसरीचे मोजमाप

व्हॉल्व्हवर चालणारा जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर खोक्यातून बाहेर काढला, तर त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यावर लोखंडाचे दोन किंवा तीन ठोकळे बसवलेले दिसतात. त्यांपैकी सर्वांत अवजड ठोकळा भिंतीतल्या सॉकेटमधली वीज घेऊन व्हॉल्व्हांना लागेल तेवढे व्होल्टेज तयार करून देतो, जन्मभर तापतो, घुमतो आणि कोणाच्याही स्तुतीला पात्र ठरत नाही. त्याच्याहून लहान, पुष्कळदा निम्म्याच वजनाचा दुसरा ठोकळा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. जुनी वाद्यसामग्री जमवणाऱ्यांच्या जगातली सगळी भक्ती, सगळे संशय आणि बहुतेक भांडणे याच्याच वाट्याला आलेली आहेत. तो कधीकाळी दुरुस्तीत बदलला गेला असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची किंमत उतरते, आणि तो मूळचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी मालक मीटर, ऑसिलोस्कोप आणि साक्षीदार जमवून बसतात. या बैठकीत नेमके काय मोजले जाते आणि मोजून झाल्यावर नेमके काय कळते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून बरीच लांब राहतात.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी या ठोकळ्याचे काम सांगणे भाग आहे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या आत तापवलेल्या पृष्ठभागावरून निघालेले इलेक्ट्रॉन काही शे व्होल्टच्या ओढीने समोरच्या पत्र्याकडे जातात आणि वाटेतली जाळी त्यांना गिटारच्या हुकमाप्रमाणे अडवते किंवा सोडते. या व्यवस्थेत व्होल्टेज मुबलक असते, पण प्रवाहाची चणचण असते. स्पीकरचे अगदी उलट: त्याला व्होल्टेज थोडेसेच पुरते, पण प्रवाह भरपूर लागतो. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला मंडलाकडून होणाऱ्या एकूण विरोधाला इंपिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहम हवे असतात, तर स्पीकर 4, 8 किंवा 16 ओहमचा असतो. या दोघांमध्ये मध्यस्थी करण्यासाठी लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या घातलेल्या असतात. व्हॉल्व्हकडची गुंडाळी प्राथमिक आणि स्पीकरकडची दुय्यम. दोहोंच्या वेढ्यांचे जे गुणोत्तर असेल त्याच्या वर्गाने इंपिडन्स बदलतो. प्राथमिक गुंडाळीचे वेढे दुय्यमच्या 28.7 पट असतील, तर 8 ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला सुमारे 6,600 ओहमचा भासतो. इथपर्यंत सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे, आणि ते इथेच संपते.

आज ज्यांची छायाचित्रे देवघरात लावण्याच्या आस्थेने काढली जातात, ते ट्रान्सफॉर्मर तयार होताना त्यांच्याविषयी कोणालाही फारशी आस्था नव्हती. लिओ फेंडर यांनी 1938 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. ते गिटार वाजवीत नसत, परंतु कोणता सुटा भाग किती दिवस टिकतो आणि केवढ्याला पडतो, याचे त्यांना पक्के भान होते. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरांत ट्रायड आणि शूमाकर या कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर बसत, ते कामाला पुरेसे आणि हिशेबाला परवडणारे होते म्हणून. पुढे 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्प्लिफायरच्या मंडलावरून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर जुळवला, तोच पुढे जेटीएम 45 म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर मागवत बसण्यापेक्षा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांना सुटे भाग पुरवणाऱ्या रेडिओस्पेअर्सच्या सूचीतला तयार ट्रान्सफॉर्मर घेणे सोपे होते, म्हणून पहिल्या काही यंत्रांत तो बसला. नंतर ड्रेक या कारखान्याकडून ट्रान्सफॉर्मर येऊ लागले. सूचीच्या एखाद्या पानावरून सोयीपोटी उचललेल्या त्या मालाला आज ‘अस्सल सुरुवातीचा ध्वनी’ असे नाव आहे, आणि त्या ध्वनीचे श्रेय दूरदृष्टीला द्यावे की टपालखर्चाला, हे ठरवणे भक्तांना जड जाते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डी. टी. एन. विल्यमसन यांचा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याचा आराखडा 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध झाला आणि घरी बसून शुद्ध संगीत ऐकू इच्छिणाऱ्या एका अख्ख्या पिढीने तो पाठ केला. विल्यमसन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी अशा अटी घातल्या होत्या, की तो गुंडाळणाऱ्याने धंदा बदलण्याचा विचार करावा: प्राथमिक गुंडाळीचा इंडक्टन्स किमान 100 हेन्री हवा, गळती नाममात्र हवी, गुंडाळ्यांचे थर एकमेकांत विणलेले हवेत. उद्देश असा, की ट्रान्सफॉर्मर मंडलात आहे हे कानाला मुळीच कळू नये. गिटारवाल्यांनी आधी ट्रान्सफॉर्मर स्वस्त घेतला, मग तो ऐकू येतो अशी तक्रार केली नाही, आणि शेवटी तो ऐकू येतो याच कारणासाठी त्याची किंमत वाढवली. त्यामुळे मोजमापशास्त्रापुढे एक चमत्कारिक प्रसंग उभा राहिला: उपकरणे सगळी गुण मोजण्यासाठी बनवलेली, आणि मोजायचे आहेत ते दोष, तेही मूळच्या दोषांशी दशांशापर्यंत जुळतात की नाही हे पाहण्यासाठी.

नवखा संग्राहक सर्वप्रथम मल्टिमीटर काढतो. दुय्यम गुंडाळीवर ‘8 ओहम’ असे लिहिलेले असते. तो तिची दोन टोके धरतो आणि मीटर अर्ध्या ओहमच्या आसपासचा आकडा दाखवतो. या क्षणी पुष्कळांनी ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा निष्कर्ष काढलेला आहे. वस्तुतः मीटरने तांब्याच्या तारेचा एकदिश प्रवाहाला होणारा रोध तेवढा सांगितला, त्याला इंपिडन्सविषयी काहीही विचारलेले नव्हते. मग तो प्राथमिक गुंडाळीकडे वळतो. तिला मधोमध एक टोक काढलेले असते, कारण अशा अ‍ॅम्प्लिफायरांत दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने, एकाने ढकलावे आणि दुसऱ्याने ओढावे अशा रीतीने काम करतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी गुंडाळी येते. दोन अर्ध्यांचा रोध सारखा निघत नाही: एक अर्धे, समजा, 130 ओहम भरते तर दुसरे 150. दुसरी शंका इथे जन्म घेते. खुलासा साधा आहे; एक अर्धे आतल्या बाजूला गुंडाळलेले असते आणि दुसरे त्याच्यावरून, म्हणून वेढे तेवढेच असूनही बाहेरच्या वेढ्यांचा घेर मोठा आणि तार लांब होते. तरीही दोन्ही बाजू अगदी सारख्या भरणारा ट्रान्सफॉर्मर हाती आला, तर संग्राहकाला आनंद होत नाही. इतका नेमकेपणा जुन्या मालात कुठून आला, या विचाराने त्याची झोप उडते.

याच आकड्यांची दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करताना तांब्याचा स्वभाव ध्यानात घेतला जात नाही. तापमान एका अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे 0.39 टक्के वाढतो. फुलर्टनच्या उन्हाळ्यातले आणि लंडनच्या हिवाळ्यातले तापमान 25 अंशांनी वेगळे धरले, तर तोच ट्रान्सफॉर्मर दोन ठिकाणी जवळजवळ 10 टक्के वेगळा भरेल. एवढ्या फरकावर ‘ही गुंडाळी नंतर कोणी तरी बदललेली दिसते’ असा अभिप्राय सहज देता येतो.

वेढ्यांचे गुणोत्तर काढणे हे त्या मानाने भरवशाचे काम. एका गुंडाळीला माहीत असलेले प्रत्यावर्ती व्होल्टेज द्यावे, दुसरीवर किती येते ते पाहावे आणि भागाकार करावा. वर सांगितलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीला 230 व्होल्ट दिले तर दुय्यमवर 8 व्होल्ट मिळतात. शहाणा माणूस भिंतीतली वीज थेट न जोडता प्राथमिकला थोडेसेच व्होल्टेज देतो, कारण घाईत वायरींची अदलाबदल होऊन 230 व्होल्ट दुय्यम गुंडाळीवर पडले, तर गणिताप्रमाणे दुसऱ्या बाजूला 6,600 व्होल्ट यायला हवेत. ते प्रत्यक्षात येत नाहीत. त्याआधीच गाभ्याची चुंबकत्व पेलण्याची क्षमता संपते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि फ्यूज, इन्सुलेशन किंवा मोजणाऱ्याचा उत्साह यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते प्रथम जाते.

गुणोत्तर मिळाले की ‘हा 6,600 ओहमचा ट्रान्सफॉर्मर आहे’ असे वाक्य उच्चारले जाते आणि ते ऐकून सगळे माना डोलावतात. काटेकोरपणे पाहता असा ट्रान्सफॉर्मर जगात कोठेही नसतो. ट्रान्सफॉर्मरजवळ स्वतःचा असा इंपिडन्स नसून दुय्यम बाजूला जे जोडावे त्याचे मोठे केलेले प्रतिबिंब तेवढे तो व्हॉल्व्हला दाखवतो. 8 ओहमच्या टोकांना 16 ओहमचा स्पीकर जोडला, की तोच ट्रान्सफॉर्मर तक्रार न करता 13,200 ओहमचा होतो. बरे, 8 ओहमचा म्हणवणारा स्पीकर तरी 8 ओहमचा कोठे असतो? त्याची तार मीटरने मोजली तर साडेसहाच्या आसपास भरते, पडदा ज्या कंप्रतेवर, म्हणजे सेकंदाला जितक्या कंपनांवर, आपसूक थरथरतो तिथे त्याचा इंपिडन्स कित्येक पटींनी चढतो, तिथून उतरून तो 8 च्या जवळ क्षणभर टेकतो आणि उच्च स्वरांकडे जाताना पुन्हा चढू लागतो. प्रयोगशाळेतली मोजमापे मात्र 8 ओहमचा जाडजूड रोधक जोडून केली जातात, कारण रोधक गुणी असतो, एका जागी बसतो आणि आवाज करत नाही. अशा रीतीने जो ट्रान्सफॉर्मर आयुष्यात कधीही रोधकासाठी वाजला नाही, त्याची परीक्षा रोधकावर होते आणि निकाल संगीताला लावला जातो.

खरी रंगत येते ती इंडक्टन्सपाशी. प्रवाहातल्या बदलाला गुंडाळी आपल्या चुंबकत्वाने जो विरोध करते त्याचे माप म्हणजे इंडक्टन्स. ते हेन्री या एककात सांगतात. प्राथमिक गुंडाळीचा इंडक्टन्स कमी असेल तर खालचे स्वर स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच गाभ्याच्या चुंबकत्वात खर्ची पडतात. 6,600 ओहमच्या भारापुढे 10 हेन्री असतील, तर सुमारे 105 हर्ट्झवर शक्ती निम्मी झालेली असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर 82 हर्ट्झचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचे गांभीर्य कळते. संग्राहक म्हणून एलसीआर मीटर आणतो, तो 100 हर्ट्झवर एक आकडा देतो, 1,000 हर्ट्झवर दुसरा देतो, आणि शेजाऱ्याच्या मीटरवर तिसराच येतो. तिन्ही आकडे खरे असतात. लोखंडाची चुंबकीय सुलभता स्थिर नसते: अगदी मंद संकेताला ते आळशीपणाने प्रतिसाद देते, संकेत वाढला की उत्साहाने, आणि फार वाढला की हात वर करते. एलसीआर मीटर जेमतेम एखाद्या व्होल्टने, दबक्या आवाजात विचारणा करतो, तर रंगमंचावर त्याच गुंडाळीवर शेकडो व्होल्टचा मारा होत असतो. तिथे तिचा इंडक्टन्स मीटरने सांगितल्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. ज्याने हा आकडा किती व्होल्टला आणि किती हर्ट्झला घेतला हे लिहिलेले नाही, त्याने आकडा लिहिला नसता तरी चालले असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या खरेदीविक्रीत मात्र हेन्रीचा आकडा एकटाच हिंडतो, सोबत कोणी नसते.

उच्च स्वरांची व्यवस्था वेगळ्याच दोषावर अवलंबून असते. प्राथमिक गुंडाळीचे सगळे चुंबकत्व दुय्यम गुंडाळीतून जात नाही, काही बाहेरच्या बाहेर निसटते. याला गळती इंडक्टन्स म्हणतात आणि दुय्यमची टोके एकमेकांना जोडून प्राथमिकवर तो मोजतात. गुंडाळ्या थराथराने एकमेकींत घातल्या की गळती कमी होते, पण थर जितके अधिक तितकी त्यांच्यामधली धारिता, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता वाढते, म्हणून एक रोग बरा करताना दुसरा अंगावर घ्यावा लागतो. या दोहोंचा मिलाफ कसा आहे हे पाहण्यासाठी चौकोनी लहर सोडून ऑसिलोस्कोपवर तिचे कोपरे न्याहाळतात. कोपऱ्यापाशी लहर थरथरली तर तज्ज्ञ गंभीर होतो. त्याने 40,000 हर्ट्झपर्यंतचा आलेख काढून तो मूळ ट्रान्सफॉर्मरच्या आलेखावर ठेवून पाहिलेला असतो. हा आलेख ज्या स्पीकरसाठी काढला, तो 5,000 हर्ट्झच्या पुढे हात टेकतो, त्याच्यासमोर बसलेल्या रसिकाच्या कानांनी 12,000 च्या पुढच्या जगाशी पूर्वीच संबंध तोडलेला असतो, आणि तो रसिक बहुधा या अ‍ॅम्प्लिफायरच्या नादी लागूनच तसा झालेला असतो.

गाभ्याची सहनशक्ती हे या सगळ्या मापांतले सर्वांत प्रामाणिक माप, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. लोखंड ठरावीक मर्यादेपर्यंतच चुंबकत्व पेलते. त्यापुढे ते संपृक्त होते, इंडक्टन्स कोसळतो आणि लहरीचा आकार बिघडतो. तेच व्होल्टेज निम्म्या कंप्रतेवर दिले तर गाभ्यावरचा चुंबकीय भार दुप्पट होतो, त्यामुळे 82 हर्ट्झवर जो ट्रान्सफॉर्मर 40 वॅट निर्वेधपणे देतो, तो 41 हर्ट्झवर 10 वॅटला थकतो. यावर दोनच उपाय: तांब्याचे वेढे वाढवणे, नाही तर लोखंड वाढवणे, आणि दोन्ही वस्तू वजनावर विकल्या जातात. कारखानदाराने 82 हर्ट्झच्या खाली उतरून कोणाचे भले होणार आहे, असा विचार करून लोखंड आखडले, आणि जोरात वाजवताना खालचे स्वर जे किंचित मऊ होतात, त्या मऊपणाचे मूळ काही अंशी या आखडत्या हातात आहे. एलसीआर मीटर, ऑसिलोस्कोप आणि संकेतजनक यांचा पसारा मांडण्याआधी ट्रान्सफॉर्मर वाण्याच्या काट्यावर ठेवला असता, तर त्याच्या खालच्या स्वरांविषयी बरीच विश्वसनीय माहिती थोडक्यात मिळाली असती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला प्रथम वॅट विचारतो आणि मग स्टॅम्पिंगची, म्हणजे गाभ्याच्या पट्ट्यांची, थप्पी किती जाड घ्यायची ते ठरवतो. त्याच्या या पद्धतीत शास्त्र पुरेपूर आहे, केवळ आलेख नाही.

फेंडरच्या ‘चॅम्प’सारख्या लहान अ‍ॅम्प्लिफायरात एकच 6व्ही6 व्हॉल्व्ह असतो आणि तो जेमतेम 5 वॅट देतो. दोन व्हॉल्व्हांच्या मांडणीत दोन्हीकडचे एकदिश प्रवाह गाभ्यात परस्परांना छेद देतात. इथे तशी सोय नसल्यामुळे गाभा कायमचा एका बाजूला कललेला असतो, आणि तो पार आडवा होऊ नये म्हणून पट्ट्यांच्या जोडात कागदाची फट मुद्दाम ठेवतात. टेबलावर हा एकदिश प्रवाह न देता केलेली मापे फारच सुंदर येतात. ज्यांना आपला ट्रान्सफॉर्मर उत्कृष्ट असल्याचे सिद्ध करायचे असते, ते ती तशीच घेतात.

ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे की मेला, एवढेच पाहायचे असल्यास जुन्या तंत्रज्ञांची एक युक्ती आहे. प्राथमिक गुंडाळीवर छोटा निऑन दिवा जोडायचा, 9 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून काढायची. गुंडाळी धडधाकट असेल तर बॅटरी सुटताना कोसळणारे चुंबकत्व 90 व्होल्टच्या वर उसळी घेते आणि दिवा लुकलुकतो, आणि आतल्या आत एखादा वेढा दुसऱ्याला चिकटला असेल तर दिवा अंधारात राहतो. दिवा नसलेल्यांनी हा प्रयोग बोटांनी केल्याचीही उदाहरणे आहेत. या पद्धतीने मिळणाऱ्या निकालाबद्दल कोणत्याही दोन तज्ज्ञांत मतभेद झालेला नाही. याच कारणाने स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये असे सांगतात: जायला वाट न मिळालेली शक्ती मागे उसळून इन्सुलेशन जाळते. फेंडरने स्पीकरच्या सॉकेटला अशी रचना दिली होती, की प्लग काढला तर दुय्यमची टोके आपोआप एकमेकांना जोडली जावीत. वादकांच्या स्वभावाविषयीचे हे एक अचूक अनुमान होते आणि त्यासाठी कोणताही मीटर वापरलेला नव्हता.

मोजून दमलेला संग्राहक शेवटी कानांकडे येतो, आणि इथे न्यायशास्त्राने सांगितलेली चारही प्रमाणे एकाच टेबलावर जमतात. प्रत्यक्ष म्हणजे कान. पण एक ट्रान्सफॉर्मर काढून दुसरा डाग देऊन बसवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात व्हॉल्व्ह थंड होतात, पहिला ध्वनी स्मृतीतून पुसट होतो आणि जो नंतर वाजेल तो, खर्च त्याच्यावर झालेला असल्यास, नक्कीच सरस वाटतो. अनुमान म्हणजे मीटर. त्याची अवस्था वर आलीच आहे. उपमान म्हणजे ‘खात्रीच्या अस्सल नमुन्याशी’ तुलना, आणि तो नमुना अस्सल असल्याची खात्री आधीच्या एका खात्रीच्या नमुन्याशी तुलना करून झालेली असते. उरले शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन. वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगणारा तो आप्त, अशी शास्त्राची व्याख्या आहे. या व्यवहारात मात्र आप्त हा पुष्कळदा विक्रेताही असतो, आणि शास्त्रकारांनी या शक्यतेचा विचार केल्याचे दिसत नाही.

ज्या अ‍ॅम्प्लिफायरांत आउटपुटचा काही अंश उलटा करून मागे पाठवतात, म्हणजेच ऋण प्रत्याभरण वापरतात, तिथे ट्रान्सफॉर्मरचे दोष बरेचसे झाकले जातात. व्हॉक्सच्या एसी 30 मध्ये किंवा फेंडरच्या 5ई3 ‘डिलक्स’मध्ये अशी सोय नसल्याने ट्रान्सफॉर्मर जसा असेल तसा ऐकू येतो, ही गोष्ट खरी आहे आणि संग्राहकांची आस्था अगदीच निराधार नाही. अडचण शेजाऱ्यांची आहे. त्या काळच्या कार्बन रोधकांवर 10 किंवा 20 टक्क्यांची तफावत कारखान्यानेच छापून मान्य केलेली असे, आणि साठ वर्षांत ते त्या मर्यादेबाहेरही भटकलेले असतात. विद्युत्-अपघटनी कंडेन्सर वाळलेले असतात. स्पीकरचा कागद घामाने, धुराने आणि सांडलेल्या बिअरने नरम झालेला असतो. या मंडळींच्या मधोमध बसलेल्या ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर 28.7 आहे की 28.9, यावर लोक भांडत असतात.

वय ठरवण्यासाठी ठोकळ्यावर शिक्का असतो. अमेरिकन शिक्क्यांत पहिले तीन आकडे कारखान्याचे, 606 म्हणजे शूमाकर आणि 830 म्हणजे ट्रायड. त्यापुढचा आकडा वर्षाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. 606532 असे असेल तर शूमाकरने तो एखाद्या 5 अंती असलेल्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात केला. कोणते दशक ते शिक्का सांगत नाही, कारण दहा वर्षांनंतर हा माल कोणाच्या चर्चेत असेल अशी शंका शिक्का मारणाऱ्याला आली नसावी. 1965 आणि 1975 यांच्या बाजारभावांतला फरक असा काही असतो, की संशयाचा फायदा घेण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही.

आणि तरीही एक गोष्ट बाहेरून कितीही मोजली तरी कळत नाही: आत थर कसे घातले आहेत. त्या काळी स्वस्त गुंडाळ्या एका लांब दांड्यावर, थराथरामध्ये कागद घालीत, अनेक एकदम भरल्या जात आणि मग करवतीने कापून वेगळ्या होत. दांड्याच्या टोकाची गुंडाळी आणि मधली गुंडाळी एकसारखी असेल असा कोणाचा आग्रह नसे. अशा ट्रान्सफॉर्मरची हुबेहूब प्रतिकृती करायची, तर एखादा मूळचा, शक्यतो जळालेला, ठोकळा मिळवून त्याच्या पट्ट्या उपटाव्या लागतात, वार्निशने चिकटलेला कागद सोलावा लागतो आणि तार उलटी सोडवत एकेक वेढा मोजावा लागतो. हे मोजमाप बिनचूक असते आणि ते पूर्ण झाले की मोजलेली वस्तू उरलेली नसते. आता या मोजणीत एका अर्ध्या गुंडाळीत दुसरीपेक्षा पाच वेढे अधिक निघाले, तर तो आराखड्यातला मुद्दाम साधलेला असमतोल मानावा, की गुंडाळणारी बाई जेवणाच्या सुट्टीआधी घाईत होती असे समजावे, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. त्यासाठी दुसरा फोडावा लागेल, आणि चालू स्थितीतला दुसरा ज्याच्याजवळ आहे तो फोडू देत नाही. सावध प्रतिकृतीकार तेव्हा ते पाच जादा वेढे निष्ठेने आपल्या मालात घालतो, मूळच्या रंगाचा कागद आणि मूळच्या रंगाच्या वायरी लावतो आणि किंमत त्या प्रमाणात ठरवतो. ग्राहक पुडके उघडतो, मीटर काढतो, दोन्ही अर्धे मोजतो, आणि पाच वेढ्यांची ती चूक बरोबर उतरलेली नसेल तर माल परत पाठवतो.